भवानराव पंतप्रतिनिधी

भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (२४ ऑक्टोबर १८६८ – १३ एप्रिल १९५१) हे औंध संस्थानाचे अखेरचे अधिपती, चित्रकार, लेखक, कीर्तनकार आणि श्री भवानी चित्रसंग्रहालयाचे संस्थापक होते. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे राजे आणि प्रजेच्या हाती राज्यकारभार सोपवणारे राजे म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. चित्रकलेच्या क्षेत्रातील त्यांचे कार्य या दोन्हींच्या तोडीचे असले, तरी त्याची चर्चा त्या मानाने फार कमी झाली. स्वतः कुंचला हाती धरणारा, चित्रकारांना काम देणारा, त्यांच्या कृती जमवणारा आणि अखेरीस त्यांच्यासाठी डोंगराच्या उतारावर इमारत उभारणारा असा दुसरा संस्थानिक दक्षिण महाराष्ट्रात झाला नाही.

घराणे आणि संस्थान

प्रतिनिधी हे पद छत्रपती राजाराम महाराजांच्या जिंजीच्या वास्तव्यात निर्माण झाले. त्याचे पहिले मानकरी प्रल्हाद निराजी होते. पुढे हे पद किन्हईच्या परशुराम त्रिंबक यांच्याकडे आले आणि त्यांच्याच वंशात स्थिरावले. मराठेशाहीच्या उत्तरार्धात प्रतिनिधींचे सामर्थ्य ओसरले. ब्रिटिश अमलात त्यांच्याकडे जे उरले ते औंध संस्थान.

हे संस्थान आकाराने लहान होते आणि सलगही नव्हते. सुमारे ५०० चौरस मैलांचा मुलूख, ७२ गावे आणि भवानरावांच्या उत्तरायुष्यात सुमारे ७५,००० लोकवस्ती एवढाच त्याचा पसारा. राजधानीचे औंध गाव साताऱ्याच्या पूर्वेस, आजच्या खटाव तालुक्यात, आटपाडीचा तुकडा माणदेशात, कुंडल कृष्णाखोऱ्यात, आणि गुणदाळ तर विजापुराकडे. यांपैकी बराचसा भाग अवर्षणग्रस्त. आटपाडीकडच्या माणसांना पाऊस हुलकावणी देई आणि दुष्काळ मात्र नेमाने येई. अशा संस्थानाच्या तिजोरीतून कलेसाठी किती पैसा काढावा, हा प्रश्न भवानरावांच्या चरित्रात पहिल्यापासून अखेरपर्यंत उभा आहे.

शिक्षण

श्रीनिवासराव परशुराम ऊर्फ अण्णासाहेब यांचे ते पुत्र. साताऱ्याच्या हायस्कुलात आणि पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. मुंबई विद्यापीठाची बी.ए. ही पदवी त्यांनी मिळवली. त्या काळी पदवीधर संस्थानिक विरळाच असे. भवानरावांच्या ग्रंथांवर नावापुढे ही पदवी छापलेली आढळते. थोरली पाती गादीवर असल्यामुळे आपण राजे होऊ अशी त्यांची अपेक्षा असण्याचे कारण नव्हते. त्यांची तरुणपणची वर्षे म्हणूनच वाचन, चित्रकला, व्यायाम आणि वडिलांच्या कारभारातील मदत यांत गेली. इ.स. १९०९मध्ये, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, गादी त्यांच्याकडे आली.

गादीवर आल्यानंतर लगोलग घडलेली एक गोष्ट त्यांच्या स्वभावाची कल्पना देते. बेळगावात कारखान्याची जागा गमावलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना त्यांनी आपल्या हद्दीतील कुंडलजवळचे ओसाड माळरान दिले आणि इ.स. १९१०मध्ये तेथे किर्लोस्करवाडीचा जन्म झाला. लक्ष्मणराव स्वतः मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकण्यासाठी गेले होते. काही रंग नीट ओळखता येत नसल्याने त्यांना ती वाट सोडावी लागली होती. चित्रकार होऊ न शकलेल्या माणसाला चित्रकार राजाने जागा दिली, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे.

चित्रकार भवानराव

भवानरावांच्या तारुण्यात महाराष्ट्रातील चित्रकलेवर दोन प्रभाव होते. एक, राजा रविवर्मा यांचा. त्यांची तैलरंगातील देवादिके छापखान्यामुळे घराघरांत पोचली होती. दुसरा, जे. जे. कलाशाळेतील पाश्चात्त्य वास्तववादी शिक्षणाचा. भवानरावांच्या चित्रांत हे दोन्ही प्रभाव स्पष्ट दिसतात. त्यांचा आवडता विषय पौराणिक आख्यान. ते उत्तम कीर्तनकार असल्याने चित्राकडेही ते कथेच्या अंगाने पाहत. प्रसंग कोणता, त्यात कोण कोठे उभे आहे, कोणाच्या चेहऱ्यावर कोणता भाव आहे, हे पाहणाऱ्याला चटकन उमगले पाहिजे, असा त्यांच्या चित्रांचा बाज आहे.

रामकथेवरील त्यांची चित्रमाला चित्ररामायण या नावाने इ.स. १९१६मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. कलेच्या निकषांवर पाहता त्यांची चित्रे धुरंधर किंवा बाबूराव पेंटर यांच्या पंक्तीला बसणारी नाहीत. आकृतींत काहीसा ताठरपणा आहे आणि कथा सांगण्याच्या ओघात चित्र म्हणून असलेले त्यांचे स्वातंत्र्य पुष्कळदा हरवते. मात्र राज्यकारभार सांभाळून एका माणसाने सातत्याने केलेले हे काम हौशी म्हणून बाजूला सारणेही अन्यायाचे ठरेल. पुढे इतर कलावंतांच्या कृती पारखताना त्यांना जी नजर लाभली, ती या हातमेहनतीतूनच आली होती.

सचित्र महाभारत

पुण्यात इ.स. १९१७मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना झाली. पुढच्याच वर्षी भवानरावांनी संस्थेपुढे एक सूचना ठेवली. महाभारताची विद्वन्मान्य आणि सचित्र आवृत्ती संस्थेने काढावी आणि त्यासाठी औंधकडून एक लाख रुपये हप्त्याहप्त्याने दिले जावेत, अशी ती सूचना होती. औंधएवढ्या संस्थानाने अशा ग्रंथासाठी एक लाखाचे वचन देणे ही साधी बाब नव्हती. इ.स. १९१९मध्ये रा. गो. भांडारकर यांच्या हस्ते या कार्याचा आरंभ झाला. इ.स. १९२५पासून विष्णु सीताराम सुखटणकर यांनी संपादनाची धुरा घेतली आणि देशभरातील हस्तलिखिते ताडून पाहण्याची काटेकोर पद्धत घालून दिली. हे काम इ.स. १९६६मध्ये पूर्ण झाले. ते पाहण्यास सुखटणकर उरले नव्हते आणि भवानरावही.

या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर संपादकाच्या नावाबरोबर चित्रकार म्हणून भवानरावांचे नाव आहे आणि ही चित्रे प्राचीन नमुन्यांवरून काढल्याचा उल्लेखही आहे. हा उल्लेख महत्त्वाचा आहे. रविवर्मांच्या द्रौपदी-दमयंती नऊवारी लुगड्यात वावरतात. प्राचीन नमुन्यांचा आधार घ्यायचा म्हणजे वस्त्रे, अलंकार, केशरचना आणि आयुधे जुन्या शिल्पांत व भित्तिचित्रांत शोधणे आले. ज्या ग्रंथाचा शब्द न् शब्द हस्तलिखितांवरून पारखला जात होता, त्याचे चित्रही पुराव्यावर उभे असावे, असा हा आग्रह होता. तो किती सफल झाला, याविषयी दुमत होऊ शकते. विद्वानांनी या आवृत्तीची पाठचिकित्सा डोक्यावर घेतली, तिच्यातील चित्रांकडे मात्र फारसे लक्ष दिले नाही. तरीही या आग्रहामुळे भवानरावांची पावले अजिंठ्याकडे आणि वेरूळकडे वळली व त्यांच्या कलाविचारात मोठा पालट झाला.

अजिंठा आणि वेरूळ

अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्याचा इतिहास दुर्दैवी आहे. जे. जे. कलाशाळेच्या जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून इ.स. १८७२पासून अनेक वर्षे खपून केलेल्या प्रतिकृतींपैकी पुष्कळ लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील आगीत नष्ट झाल्या. त्यानंतर लेडी हेरिंगहॅम यांनी नंदलाल बोस, असितकुमार हलदार आदी बंगाली चित्रकारांच्या साहाय्याने नव्या प्रतिकृती करवून घेतल्या. त्याही इंग्लंडकडेच गेल्या. महाराष्ट्राच्या कुशीतील ही चित्रे निजामाच्या राज्यात होती आणि त्यांच्या प्रतिकृती सातासमुद्रापलीकडे.

भवानराव चित्रकारांना बरोबर घेऊन अजिंठ्याला गेले आणि त्यांनी प्रतिकृती करवून घेतल्या, त्या औंधला आणण्यासाठी. माणदेशातल्या एखाद्या शेतकऱ्याला किंवा शाळकरी पोराला अजिंठ्याची वाट धरणे शक्य नव्हते. यमाईच्या यात्रेला मात्र तो येणारच होता. वेरूळविषयी इ.स. १९२९मध्ये आणि अजिंठ्याविषयी इ.स. १९३२मध्ये त्यांनी इंग्रजीतून लिहिलेली मार्गदर्शक पुस्तके प्रसिद्ध झाली. मुंबईच्या तारापोरवाला यांनी छापलेल्या अजिंठ्याच्या पुस्तकात एकेका लेण्यातील चित्रे व शिल्पे क्रमाने समजावून सांगितली आहेत. लेण्यांत उभे राहून वाचता यावे, असे त्याचे स्वरूप आहे.

कलावंतांशी संबंध

औंधच्या दरबारात कलावंतांची वर्दळ असे. गायक अनंत मनोहर जोशी ऊर्फ अंतुबुवा हे औंधचे दरबारी गवई होते. त्यांचे पुत्र गजाननराव जोशी यांचीही औंधशी जवळीक होती. या लेखाचा मुख्य विषय मात्र चित्रकार.

वेदांचे भाष्यकार म्हणून प्रसिद्ध असलेले श्रीपाद दामोदर सातवळेकर मुळात चित्रकार होते, ही गोष्ट आज अनेकांना ठाऊक नसते. जे. जे. कलाशाळेत शिकून त्यांनी हैदराबाद आणि लाहोर येथे व्यक्तिचित्रणाचा व्यवसाय केला होता. राष्ट्रीय विचारांमुळे ब्रिटिश सरकारचा रोष त्यांच्यावर ओढवला. इ.स. १९१८मध्ये ते औंधला आले आणि तेथेच त्यांचे स्वाध्याय मंडळ वाढीस लागले. सरकारच्या नजरेत खुपणाऱ्या माणसाला एका मांडलिक संस्थानिकाने तीस वर्षे आपल्या गावात नांदू देणे, यात धोका होता. भवानरावांनी तो पत्करला. सातवळेकरांचे पुत्र माधव सातवळेकर यांनी पुढे फ्लॉरेन्स, लंडन आणि पॅरिस येथे चित्रकलेचे शिक्षण घेतले आणि स्वतंत्र महाराष्ट्राचे कलासंचालकपद भूषवले. त्यांची चित्रेही औंधच्या संग्रहात आहेत.

महादेव विश्वनाथ धुरंधर हे जे. जे. कलाशाळेतील सर्वांत नावाजलेले मराठी चित्रकार. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर हे चित्रकार, शिल्पकार आणि चित्रपटकार. या दोघांच्या कृती औंधात आल्या. राजा रविवर्मांची मूळ तैलचित्रे आली. त्याबरोबरच, मुंबईच्या वास्तववादी परंपरेला ज्यांचे वावडे होते अशा बंगाली शैलीतील चित्रांनाही भवानरावांनी जागा दिली. एका पंथाचा चित्रकार बहुधा दुसऱ्या पंथाचा संग्राहक होत नाही. भवानराव याला अपवाद ठरले.

हा संग्रह धनाढ्यांच्या संग्रहासारखा लिलावातून उभा राहिलेला नाही. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांशी तुलना केली असता हा फरक लक्षात येतो. बडोद्याला तज्ज्ञ नेमून युरोपातून चित्रे विकत आणवणे शक्य होते. औंधला ते परवडणारे नव्हते. म्हणून युरोपातील थोर चित्रांच्या आणि शिल्पांच्या उत्तम प्रतिकृती मिळवणे, आपल्याच कारागिरांकडून संगमरवर, चंदन आणि हस्तिदंत यांत काम करवून घेणे, जुन्या घरांतील लघुचित्रे व हस्तलिखिते जमवणे, अशा काटकसरीच्या वाटांनी तो वाढला.

सूर्यनमस्कार आणि विलायत

सूर्यनमस्कारांच्या प्रसाराचा येथे केवळ संक्षेपाने उल्लेख पुरे. भवानराव स्वतः नित्यनेमाने नमस्कार घालीत. औंधच्या शाळांत त्यांनी ते सक्तीचे केले आणि त्यावर मराठीत व इंग्रजीत लेखन केले. इ.स. १९३६मध्ये ते इंग्लंडला गेले असता पत्रकार लुईझ मॉर्गन यांचे लक्ष या व्यायामाकडे गेले आणि त्यांनी संपादित केलेले पुस्तक इ.स. १९३८मध्ये लंडनहून निघाले. इ.स. १९३५मध्ये इंदूर येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही भवानरावांनी भूषवले होते.

श्री भवानी चित्रसंग्रहालय

इ.स. १९३८मध्ये औंध येथे श्री भवानी चित्रसंग्रहालय स्थापन झाले. त्यापूर्वी महाराष्ट्रात आणि विदर्भात संग्रहालये नव्हती असे नाही. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेला अजब बंगला, इ.स. १८६३मध्येच सुरू झाले होते. मुंबईचे राणीच्या बागेतील संग्रहालय इ.स. १८७२मध्ये आणि प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालय इ.स. १९२२मध्ये लोकांसाठी खुले झाले. यांतील जुनी संग्रहालये राज्यकर्त्यांच्या गरजेतून जन्मली होती. मुलखातील खनिजे, पिके, प्राणी, कारागिरी आणि जमाती यांची ओळख एका छपराखाली करून देणे हा त्यांचा मूळ हेतू. औंधचे संग्रहालय वेगळ्या प्रेरणेतून उभे राहिले. ते एका चित्रकाराने चित्रांसाठी बांधले होते.

त्यासाठी निवडलेली जागा यमाई देवीच्या डोंगराच्या उतारावरची आहे. माथ्यावर मूळपीठ, पायथ्याशी गाव आणि मधे संग्रहालय. देवीच्या दर्शनाला चढणारा भाविक वाटेत चित्रांपाशी थांबावा, अशी ही रचना. इमारतीच्या आखणीत भवानरावांनी जातीने लक्ष घातले. दालनांत नैसर्गिक प्रकाश सौम्यपणे यावा आणि चित्रावर त्याची तिरीप पडू नये, याची काळजी घेतलेली आहे. विजेच्या दिव्यांचा भरवसा नसलेल्या खेड्यात ती निकडही होती.

संग्रहात राजपूत, मोगल आणि पहाडी शैलींतील लघुचित्रे, रविवर्मांपासून बंगाली शैलीपर्यंतची आधुनिक भारतीय चित्रे, अजिंठ्याच्या प्रतिकृती, पाश्चात्त्य चित्रांच्या प्रती, धातूच्या मूर्ती, चंदनी व हस्तिदंती कोरीवकाम आणि संगमरवरी शिल्पे आहेत. विसाव्या शतकातील श्रेष्ठ इंग्रज शिल्पकार हेन्री मूर यांचे माता आणि बालक हे शिल्प येथे आहे, याचे नवख्या प्रेक्षकाला नेहमीच आश्चर्य वाटते. पौराणिक आख्यानाच्या चित्रांत रमणाऱ्या सत्तरीच्या राजाच्या संग्रहात मूरची ती गोटीव, चेहरेपट्टी जवळजवळ नाकारणारी आकृती असावी, हे त्याच्या अभिरुचीविषयीचा सोपा निष्कर्ष काढू देत नाही. संग्रहालयाला जोडून ग्रंथालयही आहे.

या खर्चाचे समर्थन होऊ शकते काय? दुष्काळी तालुक्यांतील रयतेच्या सारावसुलीतून चित्रे घेणे हा राजेशाही छंदच होता, असे म्हणणाऱ्याला निरुत्तर करणे कठीण आहे. दुसऱ्या बाजूला काही गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. भवानरावांनी हा संग्रह वाड्यात कुलूपबंद ठेवला नाही किंवा मुंबई-पुण्यात मिरवला नाही. संस्थानात शाळांवर त्यांचा भर होता. आटपाडीकडच्या खेड्यांतून आलेले ग. दि. माडगूळकर आणि शंकरराव खरात यांच्यासारखे विद्यार्थी औंधच्या शाळेत शिकले. संग्रहालय उघडले त्याच सुमारास त्यांनी आपली सत्ता सोडून देण्याचा निर्णयही घेतला.

औंध प्रयोग

भवानरावांचे पुत्र अप्पासाहेब पंत इंग्लंडमधील शिक्षण संपवून परतले होते आणि मॉरिस फ्रीडमन हे पोलंडमधील अभियंते औंधच्या कामात सहभागी झाले होते. इ.स. १९३८च्या अखेरीस राजाने सर्व सत्ता प्रजेकडे सोपवण्याचा संकल्प जाहीर केला. अप्पासाहेब आणि फ्रीडमन वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला महात्मा गांधींकडे गेले आणि गांधीजींच्या मार्गदर्शनाने राज्यघटना तयार झाली. ती २१ जानेवारी १९३९ रोजी अमलात आली. गावोगाव निवडलेली पंचायत, तिच्यावर तालुका समिती आणि तिच्यावर विधिमंडळ अशी ही खालून वर जाणारी मांडणी होती. न्यायदानाचे कामही मोठ्या प्रमाणात पंचायतींकडे गेले. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत याच काळातली, व्ही. शांताराम यांचा दो आँखें बारह हाथ (१९५७) हा चित्रपट तिच्यावरून सुचला. संपूर्ण हिंदुस्थानातील संस्थानिक आपले अधिकार टिकवण्याच्या खटपटीत असताना औंधने उलटी वाट धरली. राजाचा खर्च मर्यादित झाला आणि मनाला येईल तेव्हा चित्रे घेण्याचे दिवस संपले. संग्रहालयाच्या उभारणीनंतर काही महिन्यांतच भवानरावांनी आपल्या संग्राहकपणाची दोरी अशी स्वतःच आवळून घेतली.

विलीनीकरण आणि अखेर

८ मार्च १९४८ रोजी दक्षिणेतील इतर संस्थानांबरोबर औंध मुंबई राज्यात विलीन झाले. नऊ वर्षे चाललेला पंचायतींचा प्रयोगही त्याबरोबर थांबला. राज्याच्या सर्वसाधारण कारभारात त्याला स्थान उरले नाही. त्याच वर्षी सातवळेकरांनी औंध सोडले आणि स्वाध्याय मंडळ गुजरातेतील पारडीला नेले. दरबार संपला तसे आश्रयाला असलेले गुणीजनही पांगले. भवानरावांनी आत्मचरित्र लिहून ठेवले होते. औंधच्या या उतरत्या काळात त्यांचे वय ऐंशीच्या घरात होते. १३ एप्रिल १९५१ रोजी त्यांचे निधन झाले.

अप्पासाहेब पंत पुढे स्वतंत्र भारताचे राजदूत झाले. ब्रिटनमध्ये त्यांनी उच्चायुक्त म्हणून काम केले आणि औंध प्रयोगाचा वृत्तान्त इंग्रजीत लिहिला. संस्थान गेल्यावर अनेक राजघराण्यांतील संग्रह विकले गेले किंवा वारसांत वाटले गेले. औंधचा संग्रह मात्र गावातच राहिला. आता तो महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या अखत्यारीत असून, यमाईच्या डोंगरावरील त्याच इमारतीत पाहावयास मिळतो.